मास्तरांचं कलिंगड आणि जावयाचे कान

मास्तर फिरून घरी आले तेव्हा त्यांच्या शर्टाचा खिसा लोंबत होता.

"लोकांना काही रीतभात उरलेली नाही," चपला काढता काढता ते कडाडले. "सरळ चाललेल्या माणसाचा शर्ट धरून ओढतात! ओळख ना पाळख! मी विचारलं, काय रे, काय पाहिजे? तर उलट माझ्यावरच हातवारे करायला लागला."

हातवारे करणारा तो भला माणूस काय सांगत होता हे घरात मास्तर सोडून सगळ्यांना कळलं, कारण तोच त्यांना दारापर्यंत सोडायला आला होता. एक टेम्पो उलटा मागे येत होता. हॉर्न वाजवून वाजवून त्याचा चालक दमला होता, आणि मास्तर मात्र बागेतून निघाल्यासारखे त्याच्या मागून निवांत चालले होते. शेवटच्या क्षणी या गृहस्थानं हात घातला आणि खिसा उसवला. खिसा गेला, मास्तर राहिले. एवढं सांगून तो पाणी प्यायला आणि निघून गेला.

मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त पीटीचे मास्तर. उभा जन्म शिट्टी फुंकण्यात आणि मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडण्यात गेलेला. त्यांना ऐकू कमी येतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्यांनाच. ज्याला ऐकू येत नाही त्यानं बोलत राहावं, असा त्यांचा साधा मार्ग होता. ते बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायला जागा नसे. त्यातूनही कुणी एखादं वाक्य घुसवलंच, तर मास्तर मांडीवर थाप मारून म्हणत, "तेच तर मी म्हणतो!" हे उत्तर जगातल्या बहुतेक बोलण्याला लागू पडतं, तुम्ही करून बघा.

आणि अशा माणसाचा जावई काय काम करत असावा? कान तपासायचं! आता याला नशीब म्हणायचं की थट्टा, तुम्हीच ठरवा. दवाखान्यात एक काचेची बंद खोली होती. तिच्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि यंत्रातून बारीक आवाज सोडायचे. आवाज ऐकू आला की माणसानं बटण दाबायचं, आणि जावईबापूंनी कागदावर खुणा करायच्या. सगळं गाव त्यांच्याकडे येऊन कान तपासून गेलं होतं. सासरे मात्र वरच्याच मजल्यावर राहत असून कधी आले नव्हते.

त्या दिवशी मास्तरांची लेक स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होती.

"सगळ्या गावाचे कान तपासतोस," ती म्हणाली, "आणि माझे बाबा टेम्पोखाली जातात."

"गेले कुठे? वाचले ना."

"आज वाचले. रोज कोण बसलंय त्यांचा शर्ट ओढायला?"

बायको रागावली तर तिला समजावता येतं, पण बायको घाबरली की आपणही घाबरतो.

रात्रीच्या जेवणाला सगळे वरच जमले. जावईबापूंनी घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं सुरुवात केली.

"बाबा, एकदा दवाखान्यात येऊन जा. नुसतं तपासून..."

"तेच तर मी म्हणतो!" मास्तर म्हणाले. मग त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला, बायकोचा पाहिला आणि विषय कुठला असणार ते ओळखलं. चेहरे वाचण्यात ते वाकबगार होते. कवायतीला दांडी मारायचं पोरांच्या मनात आलं की यांना आधी कळायचं.

"माझे कान?" त्यांनी हात धुतल्याशिवायच बोट रोखलं. "माझे कान ठणठणीत आहेत! अरे, आजवर मी आणलेलं एक तरी कलिंगड फिकं निघालंय? सांगा ना! निघालंय? मी ते कशानं निवडतो? वाजवून! वाजवलेलं कशानं ऐकतात? गुडघ्यानं?"

सगळं घोडं इथंच पेंड खात होतं. मास्तरांनी आणलेलं कलिंगड खरोखरच कधी फिकं निघालं नव्हतं. शेजारीपाजारी त्यांना मुद्दाम बरोबर घेऊन जात. ते दोन-चार थापा मारत, एक उचलत, आणि कापलं की आत लालबुंद, रवाळ, नुसती साखर.

"कलिंगड वेगळं आणि टेम्पो वेगळा!" जावईबापू ओरडले.

"ओरडता कशाला? लागली पैज!" मास्तर ताठ बसले. "रविवारी दुकानात जाऊ. तुम्ही एक कलिंगड निवडा, मी एक निवडतो. इथं आणून सगळ्यांसमोर कापू. तुमचं जास्त गोड निघालं, तर तुमचं ते ऐकायचं यंत्र दोन्ही कानांत घालून मिरवीन. माझं गोड निघालं, तर या घरात हा विषय कायमचा बंद. कुणी ब्र काढायचा नाही."

जावईबापू "थांबा, असं नको" म्हणायला तोंड उघडणार, तोच मागून लेकीचा आवाज आला, "मंजूर!" आणि मास्तरांना कळावं म्हणून तिनं मानही हलवली.

जिना उतरताना जावईबापूंनी तिला गाठलं. "अगं, मंजूर काय? मी आयुष्यात कधी अख्खं कलिंगड निवडलेलं नाही!"

"तू कानांचं काम करतोस," लेक म्हणाली. "कुठला आवाज किती बारीक, कुठला जाड, दिवसभर हेच ना तुझं? मग एक कलिंगड वाजवून कळणार नाही तुला?"

"अगं, आवाज यंत्र सोडतं! ऐकतो पेशंट! मी मधे नुसत्या खुणा करतो!"

"काहीतरीच बोलू नकोस," ती विश्वासानं म्हणाली. आजवर जावईबापू दुकानातून अर्धं कापलेलं, वर पातळ प्लास्टिक ताणून लावलेलं कलिंगड आणत. त्यात निवडायचं काय? लाल दिसतंय, उचलायचं. अख्ख्या कलिंगडाकडे पाहिलं की त्यांना बंद दार पाहिल्यासारखं वाटे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी स्वागताच्या टेबलावरच्या ताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्यात काय अवघड?" ताई म्हणाल्या. "आधी आपल्या कपाळावर टकटक करायचं, मग छातीवर, मग पोटावर. कलिंगड कपाळासारखं वाजलं तर कच्चं, पोटासारखं वाजलं तर जास्त पिकलेलं, छातीसारखं वाजलं तर घ्यायचं."

"उलट सांगताय," बाकावर बसलेले एक आजोबा मधेच म्हणाले. त्यांना हे बरं ऐकू आलं! "पोटासारखं वाजलं तर घ्यायचं. छातीसारखं वाजलं तर आत पांढरं."

"वाजवायचंच कशाला?" आजोबांबरोबरच्या आजी म्हणाल्या. "खालचा डाग बघायचा. पिवळा असला की झालं."

जावईबापू दिवसभर कपाळ, छाती आणि पोट वाजवत होते. तिन्हीकडून त्यांना सारखाच आवाज येत होता. एका पेशंटनं ताईंना हळूच विचारलंसुद्धा, "यांना काही होतंय का? मी दुसऱ्या दिवशी येऊ का?" शेवटी जावईबापूंच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात येते तशीच ती होती. दवाखान्यात कान तपासायचा एक लोखंडी काटा होता, दोन दातांचा. त्याला टोला दिला की तो घुमत राहतो. आपल्याला नाही तर निदान या काट्याला तरी काही कळेल, असं म्हणून त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात घातला.

रविवारी सकाळी सासरे-जावई दुकानात शिरले. मोठं दुकान होतं. आत ढकलगाड्या, दाराजवळ फळांचे ढीग, आणि कलिंगडांचा ढीग नेमका दुधाच्या घुरघुरणाऱ्या फ्रिजशेजारी. मास्तर ढिगाच्या पलीकडच्या बाजूला गेले, जावईबापू अलीकडच्या. मास्तरांनी बाह्या सारल्या. डावा तळवा कलिंगडाच्या एका कुशीला घट्ट लावला, डोळे मिटले आणि उजव्या हातानं दुसऱ्या कुशीला थाप मारली. मग मान हलवून पुढचं घेतलं.

जावईबापू बघतच राहिले. त्यांच्या लख्ख ध्यानात आलं की मास्तर ऐकत नाहीयेत. ऐकतोय तो त्यांचा डावा तळवा! थाप मारली की आतून उमटणारी थरथर त्यांना हाताला कळतेय. कानांचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही, आणि हे बहुधा मास्तरांनाही माहीत नसावं. पण पैज कानांची कुठे होती? पैज गोडीची होती. म्हणजे हा माणूस जिंकणार, विषय बंद होणार, आणि उद्या पुन्हा त्याच रस्त्यानं, त्याच टेम्पोच्या मागून चालत जाणार.

जावईबापूंनी घाईघाईनं एक कलिंगड ओढलं. कपाळावर टकटक, छातीवर टकटक, पोटावर टकटक, मग कलिंगडावर टकटक. फ्रिज घुरघुरत होता, काही कळेना. त्यांनी इकडेतिकडे पाहून काटा काढला, ढिगाच्या लाकडी कडेवर आपटला आणि त्याचं बूड कलिंगडावर टेकवून कान लावला.

"अगंबाई, हे काय?" शेजारून आवाज आला. हिरव्या साडीतल्या एक काकू ढकलगाडी थांबवून बघत होत्या. "हे कसलं यंत्र?"

"काही नाही. कान तपासायचं आहे."

"तुम्ही कानाचे डॉक्टर?"

"डॉक्टर नाही हो. मी नुसता कान तपासतो."

"तेच ते," काकू म्हणाल्या. "डॉक्टर, हे कसं आहे सांगा बरं?" आणि त्यांनी एक कलिंगड त्यांच्या पोटाशी आणून धरलं.

नाही म्हणायला जरा कठोर व्हावं लागतं, आणि जावईबापूंना ते जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी काटा आपटला, टेकवला आणि म्हणाले, "बरं वाटतंय."

"बरं वाटतंय म्हणाले!" काकूंनी मागच्या बाईंना सांगितलं. मागच्या बाईंनी नवऱ्याला हाक मारली. नवऱ्यानं आणखी दोघांना. बघता बघता रांग लागली. "डॉक्टरसाहेब, आमचं बघा." "आधी मी उभी होते." "लहान मुलांना चालेल असं द्या." रांगेतल्या काहींनी त्यांचं पाहून आपापलं कपाळ, छाती, पोट वाजवायला सुरुवात केली. एक जाडजूड गृहस्थ तर पोट वाजवून बायकोला विचारत होते, "ऐक गं, कसं वाटतंय?"

"घरी बघू," बायको म्हणाली.

यातली खरी गोम पुढेच आहे. जावईबापूंना जे जे कलिंगड त्यातल्या त्यात बरं वाटे, तिथं ते प्रामाणिकपणे "बरं आहे" म्हणत, आणि लोक ते घेऊन जात. चांगलं चांगलं सगळं असं डोळ्यांदेखत चाललं होतं आणि हे आपले काटा आपटत उभे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात दुकानाचे व्यवस्थापक तरातरा आले. "काय चाललंय? फळांवर लोखंड आपटायला बंदी आहे!" मग त्यांनी रांग पाहिली, ढीग निम्म्यावर आलेला पाहिला आणि चेहरा झरकन बदलला. ते उलट्या पावली गेले, आणि पुढच्या मिनिटाला छतावरचे कर्णे खरखरले.

"ग्राहक बंधुभगिनींनो! आज आपल्या दुकानात कलिंगडाचे डॉक्टर आलेले आहेत! यंत्रानं तपासून गोड कलिंगड! दाराजवळ या! त्वरा करा!"

कर्णे नेमके ढिगाच्या वरच होते. लोकांनी कानांवर हात ठेवले. ढकलगाड्या एकमेकींवर आपटल्या, कुठेतरी मूल रडायला लागलं, रांगेत आधी कोण यावरून दोन बायकांची जुंपली. काट्याचा आवाज सोडाच, जावईबापूंना स्वतःचा आवाज ऐकू येईना. आणि या सगळ्या गदारोळात एकच माणूस शांत होता. पलीकडे मास्तर डोळे मिटून, तळवा लावून, देवघरात असावं तसे तल्लीन झाले होते. दोन पावलांवर कर्णा ठणाणा करत होता आणि त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. त्यांनी एक शेवटची थाप मारली, डोळे उघडले, गालात हसले आणि कलिंगड बगलेत मारून पैसे द्यायला गेले.

"कुठे आहेत ते डॉक्टर?" अचानक हिरव्या साडीतल्या काकूंचा आवाज कडाडला. त्यांनी आपलं कलिंगड दुकानातच कापून घेतलं होतं, आणि दोन्ही फोडी हातांत उंच धरून त्या येत होत्या. आत पांढरंफटक. "बरं वाटतंय म्हणाले होते ना? हे बरं?"

रांगेनं फोडींकडे पाहिलं, आपापल्या हातातल्या कलिंगडांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून डॉक्टरांकडे पाहिलं.

"मी डॉक्टर नाही, आधीच सांगितलं होतं!" जावईबापू म्हणाले.

"डॉक्टर पण नाही?" काकू किंचाळल्या.

यापुढे थांबण्यात शहाणपण नव्हतं. जावईबापूंनी हाताला लागलं ते कलिंगड उचललं, गर्दीतून वाट काढली, पैसे चुकते केले आणि मास्तरांना दंडाला धरून बाहेर नेलं. आपण काय उचललंय ते त्यांनी गाडीपाशी पोचल्यावर पाहिलं. त्याला डाग नव्हता, देठ नव्हता आणि आकारही धड नव्हता.

"गर्दी फार होती आज," मास्तर गाडीत बसताना म्हणाले. "पण लोक शांत होते."

घराखाली लेक वाट बघत होती. नवऱ्याचा चेहरा पाहूनच ती काय ते समजली. मास्तर पुढे वर गेले. मास्तरांचं कलिंगड त्यांच्या खाकी पिशवीत होतं आणि जावईबापूंचं दुकानाच्या पांढऱ्या पिशवीत. "तू गाडी लाव, मी वर नेते," म्हणून तिनं दोन्ही पिशव्या उचलल्या. पहिल्या वळणावर, जिन्यात कुणी नाही असं पाहून, तिनं खाकीतलं पांढऱ्यात घातलं आणि पांढऱ्यातलं खाकीत. आपण बापाला फसवतोय म्हणून तिचे डोळे भरून आले होते. पण फसवलेला बाप जिवंत तरी राहतो, असं मनाशी म्हणून तिनं पिशव्या वर नेऊन ओट्याखाली ठेवल्या.

हे जावईबापूंना कुठून कळणार? ते धापा टाकत वर आले, तर बैठकीत मास्तरांनी साक्षीला बोलावलेली मित्रमंडळी हजर होती. रोज सकाळी बरोबर फिरणारे दोन म्हातारे, आणि समोरच्या इमारतीतले वकील. वकील म्हणजे मास्तरांचे शाळेपासूनचे दोस्त, आणि शाळेपासूनचेच टीकाकार. मास्तरांना आदर्श शिक्षकाचा चषक मिळाला तेव्हा सगळ्यांनी हार घातले, आणि वकील चषक हातात घेऊन म्हणाले होते, "पितळी दिसतोय." मास्तरांबद्दल चांगला शब्द या माणसाच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"पाणी आणतो," म्हणून जावईबापू स्वयंपाकघरात सटकले. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी ओट्याखाली पाहिलं. खाकी पिशवी, पांढरी पिशवी. 'देवा, आयुष्यात पहिल्यांदा लबाडी करतोय, सांभाळून घे,' असं पुटपुटत त्यांनी खाकीतलं पांढऱ्यात आणि पांढऱ्यातलं खाकीत केलं, आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. अशा रीतीनं नवरा-बायकोनं एकमेकांना न सांगता दोन लबाड्या केल्या आणि मिळून चोख प्रामाणिकपणा झाला.

सासूबाई दोन्ही पिशव्या आणि मोठी सुरी घेऊन बैठकीत बसल्या. "आधी जावयाचं," त्या म्हणाल्या आणि पांढरी पिशवी उघडली. लेक निर्धास्त होती, जावईबापू निर्धास्त होते. सुरी फिरली, कलिंगड दुभंगलं, आणि आत काकडी बरी म्हणावी असा रंग!

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "तू पण?"

खाकी पिशवीतलं तर सुरी टेकताच करकरून उकललं. लालबुंद, रवाळ, रस ताटातून जमिनीवर. सगळ्यांनी फोडी उचलल्या. मास्तर खुर्चीत रेलून एकेकाचा चेहरा बघत होते. लेक मात्र फोड हातात धरून तशीच उभी होती.

आणि मग ती गोष्ट घडली. वकिलांनी दुसरी फोड संपवली, रुमालानं ओठ टिपले आणि खाली मान घालून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू का मास्तर, असं कलिंगड मी जन्मात खाल्लं नाही. यात तुझा हात धरणारा कुणी नाही."

दोन्ही म्हातारे फोडी खाली ठेवून बघतच राहिले. सासूबाईंच्या हातातली सुरी थांबली. एकानं तर टाळी वाजवली.

"काय झालं?" मास्तर दचकून सरसावले. "काय म्हणाला तो?"

"तुमचं कौतुक केलं, बाबा!" लेक ओरडली. "असं कलिंगड जन्मात खाल्लं नाही म्हणाले!"

"हा?" मास्तरांनी वकिलांकडे बोट केलं. "हा असं म्हणाला? उगाच माझं मन राखायला काहीतरी सांगू नकोस."

"अहो, खरंच म्हणाले!" सासूबाई.

"आम्ही ऐकलं ना!" दोन्ही म्हातारे.

"सगळे एकच सांगताय म्हणजे पढवलेले साक्षीदार," मास्तर म्हणाले. ते उठून वकिलांसमोर उभे राहिले. आवाज एकाएकी लहान मुलासारखा झाला. "तू सांग. परत एकदा बोल."

वकील चपला घालत होते. "एकदा बोललो," ते मोठ्यानं म्हणाले. "उलटतपासणी चालणार नाही. तुला ऐकू आलं नाही त्याला मी काय करू?"

हे मास्तरांना नीट ऐकू आलं.

मंडळी गेली. मास्तर जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. खिडकीपाशी बसून ते समोरच्या इमारतीकडे बघत राहिले. सासूबाईंनी फोडी पुढे केल्या तर नको म्हणाले. खाली लेक आणि जावई एकमेकांना "तू कशाला बदललंस?" "आधी तू कशाला?" करत सुतकी चेहऱ्यानं बसले होते. विषय कायमचा बंद झाला होता, आणि सकाळ झाली की मास्तर फिरायला जाणार होते.

सकाळी जावईबापू दवाखान्याचं कुलूप उघडायला गेले, तर पायरीवर मास्तर बसलेले! इस्त्रीचा शर्ट, पाय जुळवलेले.

"पैज मी जिंकलोय, हे आधी ध्यानात घ्या," मास्तर म्हणाले.

"हो, बाबा."

"मला इथं कुणी पाठवलेलं नाही."

"नाही, बाबा."

"आयुष्यभर वाट पाहिली हो, त्या माणसानं एकदा बरं म्हणावं म्हणून." मास्तर दुसरीकडे बघत म्हणाले. "आणि म्हणाला तेव्हा मी समोर बसून ढिम्म! घरातली माणसं मला ओरडून सांगतायत, आणि मी त्यांनाच खोटं पाडतोय." ते उठले. "चला, बसवा त्या काचेच्या खोलीत."

ऐकायची यंत्रं आली तेव्हा मास्तरांनी ती कानांत घातली, कुरकुर केली, भांडी फार वाजतात म्हणून सासूबाईंना दटावलं, आणि मग खाकी पिशवी घेऊन बाहेर पडले. नवं कलिंगड निवडून ते थेट समोर वकिलांकडे गेले. लेक गॅलरीत कठडा धरून उभी होती. रस्ता गजबजलेला होता.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि फाटकातूनच वर बघून ओरडले, "ऐकलंस का गं? मागच्यासारखं नाही म्हणाला!"

"अरे देवा," लेक पुटपुटली. "वाईट वाटून घेऊ नका, बाबा!"

"वाईट कसलं? मागच्यासारखं नाही, म्हणजे मागचं चांगलं होतं! तोंडानं कबूल केलं त्यानं! माझ्या या कानांनी ऐकलं!"

आणि त्याच आनंदात, रिकामी पिशवी हलवत, डावीकडे न बघता, उजवीकडे न बघता त्यांनी रस्त्यात पाऊल टाकलं. लेक कठड्यावरून पुढे वाकली. डावीकडून एक सायकलवाला भरधाव येत होता. त्यानं घंटी वाजवली, साधी, किणकिण करणारी.

मास्तर जागच्या जागी थांबले. एक पाऊल मागे सरले, सायकल पुढून जाऊ दिली, आणि पाठमोऱ्या सायकलवाल्यावर पिशवी उगारून शाळेच्या मैदानावरच्या आवाजात गरजले, "एवढी घंटी बडवतोस कशाला रे? मी काय बहिरा आहे?"

लेक गॅलरीत मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.